खळीचा हात

त्या दिवशी हात उचलायचा नाही, असं खळीने पक्कं ठरवलं होतं. उजवा तर नाहीच नाही. तपासणीच्या आधी हाताला आराम द्या, असं दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं. म्हणून ती नसांच्या विभागाबाहेरच्या लांब बाकावर दोन्ही हात मांडीवर ठेवून, शहाण्या मुलीसारखी बसली होती. बाहेर बारीक पाऊस लागला होता. येणारा प्रत्येक माणूस दारात पाय झटकत होता, आणि खिडकीत बसलेली बाई एकेकाचं नाव पुकारत होती.

एक नाव तिने दोनदा पुकारलं. मग तिसऱ्यांदा, जरा चढ्या आवाजात. समोरच्या बाकावर एक तरुण माणूस भिंतीवरचं दातांच्या निगेचं चित्र अगदी मन लावून बघत होता. त्याच्या उजव्या अंगठ्याला जाडजूड पट्टी होती.

"अहो, तुम्हालाच म्हणते मी! टाके खालच्या मजल्यावर काढतात. ऐकू येत नाही का?" खिडकीतली बाई म्हणाली.

त्याने वळून पाहिलं, ते तिच्या आवाजाने नव्हे, सगळे आपल्याकडे बघताहेत हे कळल्यामुळे. त्याने कानाकडे बोट नेलं आणि मान हलवली. बाई ओशाळली. ओशाळलेली माणसं करतात तसं तिने तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हटलं.

खळीचा निश्चय तिथेच मोडला. तिने हात उचलला.

"तुझा नंबर लागलाय," ती खुणांच्या भाषेत म्हणाली. "टाके काढायची खोली खालच्या मजल्यावर आहे. तू चुकीच्या मजल्यावर बसलायस."

त्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग हसू. "मग ही इतकी छान माणसं चुकीच्या मजल्यावर का बसवतात?" त्याने विचारलं. अंगठ्याला पट्टी असल्यामुळे त्याची निम्मी अक्षरं अडखळत होती. बहिऱ्यांच्या भाषेत हे बोबडं बोलणंच म्हणायचं.

"बोबड्या माणसाने इतकं बोलू नये," खळी म्हणाली.

तो खाली गेला. टाके काढून झाल्यावर मात्र घरी गेला नाही, पुन्हा वर आला. खळीची तपासणी संपली तेव्हा तो त्याच बाकावर, त्याच चित्रासमोर बसलेला होता.

खुणांच्या भाषेत तू आणि तुम्ही असा फरक नसतो. त्यामुळे जो टप्पा गाठायला इतरांना महिने लागतात, तिथून या दोघांची सुरुवात झाली.

*

खळी हे तिचं कागदावरचं नाव नव्हे. गालावर बोट टेकवून किंचित फिरवायचं, हे आईने तिला पाळण्यात दिलेलं नाव, आणि ओळखीचे सगळे बहिरे लोक तिला याच नावाने ओळखत. आई बहिरी होती, वडीलही. मुलीला मात्र ऐकू येत होतं. अशा घरातल्या मुलाला बोलता येऊ लागलं की त्याच दिवशी नोकरी लागते. खळी शाळेत जायच्या आधीपासून दुकानदाराशी, शेजाऱ्यांशी, घरमालकाशी आईच्या वतीने बोलायची. चौथीत असताना वर्गशिक्षिकेने तिच्याचबद्दल केलेली तक्रार तिनेच आईला सांगितली होती, थोडी मवाळ करून. चौदाव्या वर्षी वडिलांच्या खाटेपाशी उभी राहून डॉक्टर काय म्हणाले तेही तिनेच सांगितलं. ते मवाळ करता आलं नव्हतं.

मोठी झाल्यावर तिने तेच काम रीतसर शिकून घेतलं. एका दुभाषी केंद्रात ती नोकरीला होती. सभा, कचेऱ्या, कॉलेजची व्याख्यानं, दवाखाने... जिथे बोलणारे आणि बहिरे समोरासमोर येत, तिथे मध्ये खळी उभी असे. केंद्राच्या बाई म्हणत, हिचे हात म्हणजे स्वच्छ अक्षर.

ते अक्षर दीड वर्षापासून बिघडलं होतं. आधी मानेपासून खांद्यापर्यंत नुसती ओढ लागायची. मग हाताच्या आतल्या बाजूने मुंग्या उतरू लागल्या, थेट करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटापर्यंत. हात खाली असला की काही नसायचं. वर केला, थोडा वेळ वरच राहिला, की तो जड होत जायचा, आणि मग कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा वागायचा. हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला, मणक्यांची झीज आहे म्हणाले, पट्टा दिला. दुसऱ्यांनी मनगटात नस दबते असं सांगून रात्री बांधायची पट्टी दिली. दोन्ही पट्टे कपाटात एकमेकांच्या सोबतीला पडले होते.

आणि त्या पावसाच्या दिवशी झालेली नसांची तपासणी? सुया टोचून, करंट देऊन झालं आणि नसा ठणठणीत निघाल्या. नसांचे डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी झोप कशी लागते, घरी कोण कोण आहे, लग्नाचं काय, असं सगळं विचारलं आणि ताण कमी घ्यायला सांगितलं.

"काय म्हणाले?" बाकावरच्या माणसाने विचारलं.

"म्हणाले, काही झालेलं नाही."

"मग रडतेस कशाला?"

काही झालेलं नाही म्हणूनच, हे तिला सांगता आलं नाही. पण त्याला बहुधा कळलं. त्याने विचारलं, चहा घेणार का, आणि उत्तराची वाट न बघता छत्री उघडली.

*

तो कवळ्या बनवायचा. शहरातल्या दातांच्या डॉक्टरांकडून साचे येत. त्यावर मेण चढवायचं, एकेक दात लावायचा, कोरायचा, घासून चमक आणायची. कारखान्यात यंत्रांचा इतका आवाज असे की तिथे सगळेच बहिरे, असं तो म्हणे. मी तेवढा सवयीचा. त्याच्या नावाची खूण होती पुढच्या दातावर दोनदा बोट वाजवणं. खळी मनातल्या मनात त्याला कवळीवाला म्हणू लागली. पुढे तोंडावरही.

"इतक्या लोकांच्या हसण्यामागे माझा हात आहे," तो म्हणाला, "आणि तुला हसवायला मला दोन कप चहा लागतात."

"मला अजून माझे सगळे दात आहेत. मी तुझी गिऱ्हाईक नाही."

"मी थांबेन. मला घाई नाही."

ते भेटू लागले. त्याचा कारखाना सुटे तेव्हा तिचंही काम आटपलेलं असे. चौकातल्या चहाच्या दुकानात कोपऱ्यातलं एक टेबल होतं, खिडकीजवळचं, चेहऱ्यावर उजेड पडेल असं. बहिऱ्या माणसाला जागा निवडताना आधी उजेड बघावा लागतो. पहिल्या काही भेटींतच त्याच्या एक गोष्ट लक्षात आली आणि तो काही न बोलता टेबल तिच्याकडे सरकवू लागला, म्हणजे तिला कोपरं टेकता येतील. मग तो स्वतःही खाली, कपांच्या उंचीवर बोलू लागला. खुणा छातीसमोर, मोकळ्या हातांनी करायच्या असतात. अशा खाली, आखडून केल्या की ती कुजबुज होते. दुकानातल्या दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं, पण ती दोघं तासन् तास कुजबुजत असायची.

आणि कुजबुजीत माणूस जे बोलतो ते मोठ्याने बोलत नाही. तो लहानपणी ज्या शाळेत होता तिथे हाताने बोललं की हातावर छडी बसे, हे त्याने असंच एकदा कपाआडून सांगितलं. रात्री दिवे गेल्यावर मुलं एकमेकांच्या तळहातावर बोलायची. "म्हणून मला अंधाराची भीती वाटत नाही," तो म्हणाला. खळीने त्याच्या हाताकडे पाहिलं, आणि नजर तिथून लवकर काढता आली नाही.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. आई घरी शिवणकाम करायची. दिवसभर मशीनसमोर वाकलेली आई संध्याकाळी लेकीच्या बोलण्याची वाट बघायची, आणि खळी दारातून आत आली की दोन शब्दांत उत्तरं द्यायची. हो. नाही. जेवले. दमले. दिवसभर लोकांसाठी उचललेले हात घरी येईपर्यंत संपलेले असत. आईला तिने दुखण्याचं सांगितलं नव्हतं. डॉक्टरांचं म्हणणं आईला सांगायचं म्हटलं की तिला वडिलांची खाट आठवे.

एका संध्याकाळी आईने मशीनवरचा हात काढून विचारलं, "मी काही चुकले का?"

"नाही. का?"

"तू माझ्याशी हल्ली पुटपुटतेस. ज्याच्यावर राग असतो त्याच्याशी माणूस असं बोलतं."

राग नाही, एवढंच खळी म्हणाली. तेही पुटपुटत.

*

एका रविवारी कवळीवाल्याने तिला आपल्या खोलीवर बोलावलं. गच्चीवरची एकच खोली, टापटीप, खिडकीत मेणाचे तुकडे वाळत ठेवलेले. गच्चीत दोरीवर टॉवेल होते. वारा सुटला आणि ती सहज ते काढायला गेली. दोन काढले. तिसऱ्याला हात घातला आणि तिथेच राहिला. तिला तो खाली घेता येईना. मग आपोआप पडला, आणि टॉवेलही.

तो धावत आला. तिचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला. बोटं थंडगार होती, आणि पांढरी... रंग उडालेली. तो एकेक बोट चोळत राहिला. हळूहळू पांढऱ्याचं निळसर झालं, मग लाल. दोघांचेही हात अडकलेले असल्यामुळे इतका वेळ कुणालाच काही बोलता येत नव्हतं.

हात सोडल्यावर त्याने विचारलं, "हे डॉक्टरांना माहीत आहे?"

"त्यांच्यासमोर असं होत नाही. तिथे हात टेबलावर असतो."

"तू सांगितलंस का, हे विचारतोय."

लोकांचं दुखणं ती डॉक्टरांना टाचणीएवढंही न वगळता सांगायची, तो तिचा धर्म होता. स्वतःचं सांगताना मात्र तिची जुनी सवय वर येई. थोडं दुखतं. विशेष काही नाही.

त्या दिवशी घरी परतताना तिने एक गोष्ट स्वतःशी नीट मांडून पाहिली. उद्या हात गेले तर नोकरी जाईल, ते एक वेळ निभेल. आईशी बोलणं जाईल. आणि हा माणूस... याला तिचा आवाज कधी ऐकू येणार नव्हता. याच्यासाठी तिच्यापाशी फक्त हात होते. मुक्या बायकोसोबत बहिऱ्या माणसाने संसार करायचा? पुढचे बरेच दिवस ती चहाच्या दुकानाकडे फिरकली नाही. त्याचे निरोप आले, तिने कामाची सबब सांगितली. मग शेवटी खरं लिहिलं, की हे इथेच थांबवू या, कारण मी तुला पुढे काय देऊ शकेन ते मलाच माहीत नाही.

त्याचं उत्तर थोडक्यात आलं. ठीक. पण पांढऱ्या बोटांचं डॉक्टरांना सांग. एवढं एक कर, मग मी काहीही मागणार नाही.

ते तिने केलं. नसांच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं. रंग बदलतो हे ऐकताच त्यांचा सूर पालटला. हे तुम्ही आधी का बोलला नाहीत, असं म्हणून त्यांनी तिला रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितलं, जुने सगळे फोटो घेऊन.

ठरल्या दिवशी ती त्याच दवाखान्यात गेली, तर दाराजवळच्या बाकावर कवळीवाला बसलेला.

"तू इथे कशाला?"

"अंगठा दाखवायला." त्याने अंगठा वर केला. जखमेची आता खूणही नीट दिसत नव्हती.

"तुला कुणी सांगितलं आज आहे म्हणून?"

"कुणी नाही. मी रोज येतोय."

*

डॉक्टरीणबाई उंच होत्या, केस पांढरे, बोलणं मोजकं. तो तिच्या मागोमाग आत आला तेव्हा त्यांनी हे कोण, असं विचारलं. खळी म्हणाली, ओळखीचे आहेत, त्यांना ऐकू येत नाही. बाईंनी त्यालाही खुर्ची दिली.

"काय होतंय?"

"हात वर केला की थोडं दुखतं," खळी म्हणाली. "मुंग्या येतात. तसं विशेष काही नाही."

कवळीवाल्याने टेबलावर बोट वाजवलं. "काय सांगितलंस?"

तिने सांगितलं. खोटं सांगणं तिला जमलं नाही. तो बाईंकडे वळला, आणि मग खळीकडे बघून म्हणाला, "मला यांच्याशी बोलायचंय. तू दुभाषी आहेस ना? तुझं काम कर."

दुभाष्याचे नियम कडक असतात. काही गाळायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही. बोलणारा मी म्हणाला की दुभाष्यानेही मीच म्हणायचं, त्याच्या जागी उभं राहून. खळीने हा नियम नव्या मुलींना शिकवला होता. तिने बाईंना विचारलं, यांना काही सांगायचंय, चालेल का? बाईंनी पेन खाली ठेवलं.

तो सावकाश बोलू लागला, आणि खळी त्याच्या हातांकडे बघत मोठ्याने बोलू लागली.

"मी सांगतो, कारण ही खरं सांगणार नाही. ही थोडं दुखतं म्हणते, ते थोडं नाही. चहाचा कप ही दोन्ही हातांनी धरते. खुर्चीत बसल्यावर आधी डाव्या हाताने उजवा उचलून टेबलावर ठेवते, आणि कुणी बघितलं नाही ना ते बघते. दुपार उलटली की हिची करंगळी आणि शेजारचं बोट वाक्यातून गळतात. जी बोटं सरळ उभी राहायला हवीत ती वाकतात, आणि शब्द बदलतो. मला ते कळतं. मी चूक दाखवत नाही, कारण हिला लाज वाटते. त्या दिवशी हिने दोरीवरचे टॉवेल काढले तेव्हा हिचा हात मेणासारखा पांढरा पडला. मी रोज मेणात हात घालतो. जिवंत माणसाचा हात त्या रंगाचा नसतो."

खळीला थांबावंसं वाटत होतं. तो थांबला नाही, म्हणून तिलाही थांबता येईना.

"हिला वाटतं, हात गेले तर ही माझ्याशी कशी बोलेल. मी शिकेन. लहानपणी मी अंधारात बोलायला शिकलो, आता आणखी काहीतरी शिकेन. पण माझं शिकून झालं तरी हिचं दुखणं कमी होणार नाही. ते तुम्ही बघा. मी..."

तिथे खळी अडली. त्याचे हात छातीपाशी येऊन थांबले होते, खूण स्पष्ट होती, चुकीला जागा नव्हती.

"दुभाषी," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "वाक्य अर्धं राहिलंय."

"मी..." खळी म्हणाली, "मी हिच्यावर प्रेम करतो."

बाहेर कुठलं तरी चाकांचं टेबल खडखडत गेलं.

"हे मी केसपेपरवर लिहीत नाही," बाई म्हणाल्या. "बाकीचं सगळं लिहिते."

कवळीवाला खळीकडे बघत होता. "आणि तुझं उत्तर?"

"उत्तर देणं दुभाष्याचं काम नाही," ती म्हणाली, आणि डोळे पुसले.

मग तपासणी झाली. बाईंनी तिला दोन्ही हात वर करून, कोपरं मागे घेऊन मुठी उघडझाप करायला सांगितलं. मिनिटभरही झालं नसेल, उजवा हात थरथरत खाली आला. मग बाईंनी तिचं मनगट धरलं, हात बाजूने वर नेला, मान वळवून खोल श्वास घ्यायला सांगितला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांनी कवळीवाल्याला जवळ बोलावलं आणि त्याची बोटं तिच्या मनगटावर ठेवली. हात खाली होता तेव्हा नाडी लागत होती. त्याने मान डोलावली. हात वर गेला, आणि त्याच्या बोटांखालचे ठोके बारीक होत होत बंद झाले. त्याचा चेहरा उतरला. त्याने बाईंकडे पाहिलं, मग खळीकडे, जणू तिला तिथेच विचारावं, तू आहेस ना?

बाईंनी हात खाली घेतला. ठोके परत आले.

हाडांच्या डॉक्टरांनी काढलेला मानेचा जुना फोटो त्यांनी उजेडावर लावला, मग पेन्सिल घेतली. इतका वेळ सगळे खळीशी बोलत होते, आता बाईंनी कागद कवळीवाल्याच्या बाजूला फिरवून चित्र काढलं, म्हणजे ते त्याला सरळ दिसावं. मान. गळ्याचं हाड. त्याच्याखालची पहिली बरगडी. आणि मानेच्या शेवटच्या मणक्यातून निघालेलं, बोटाच्या पेराएवढं, तिथे नसायला हवं असलेलं एक हाड. जन्मापासूनची जादा बरगडी. हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या ज्या चिंचोळ्या फटीतून जातात, तिथेच ती बसली होती. हात वर केला की फट मिटायची.

बऱ्याच जणांना असं हाड असतं आणि जन्मात त्रास होत नाही, बाई म्हणाल्या, म्हणून फोटोत दिसलं तरी कुणी त्याकडे बघत नाही. त्यात हिचं काम हात वर धरायचं. एक स्कॅन हात वर ठेवून काढू, म्हणजे खात्री होईल. थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम असं नाव त्यांनी सांगितलं. तोंडाने म्हणायलाच लांबलचक, हातांनी एकेक अक्षर मांडायचं तर त्याहून लांब. खळीने ते मांडायला घेतलं तेव्हा कवळीवाल्याने तिचा हात धरून खाली ठेवला आणि चित्राकडे बोट दाखवलं. मला कळलं, असा त्याचा अर्थ.

दीड वर्षाने कुणीतरी म्हणालं होतं की काहीतरी झालंय. खळीला इतकं हलकं वाटलं की तिचं तिलाच विचित्र वाटलं.

*

आईला सांगायला तिने ते चित्र नेलं. मशीनवर पसरलं, आणि सगळं सांगितलं, पहिल्या मुंगीपासून. काही मवाळ केलं नाही. आईने त्या जादा हाडावर बोट ठेवलं.

"मी जन्म दिला तेव्हापासून होतं हे?"

"हो. तुझी चूक नाही त्यात."

"मला वाटलं तू माझ्यावर रागावलीस." आईने चित्र बाजूला सारलं. "तू केस विंचरताना मान गुडघ्याशी नेतेस, ते मी बघत होते. विचारलं नाही. मला वाटलं, माझा विचारायचा हक्क गेला."

खळीने तिच्या कुशीत डोकं घातलं. अशा वेळी बहिऱ्या माणसांचंही बोलणं थांबतं, कारण हात दुसऱ्या कामात असतात.

आधी बरेच महिने व्यायाम झाले. खांदे खाली ठेवायचे, मान लांब करायची, श्वास पोटातून घ्यायचा. दुखणं कमी झालं, पण बोटांतली ताकद परतेना, उलट अंगठ्याखालचा भाग बसत चालला. तेव्हा बाईंनी स्पष्टच सांगितलं, बरगडी काढून टाकू, पण ती नसांना खेटून आहे, त्यामुळे धोका आहे. हात आहे तसाच राहू शकतो. क्वचित अधिकही बिघडू शकतो.

त्या महिन्यांत कवळीवाल्याने उत्तर मागितलं नाही. तो व्यायामाला सोबत यायचा, तिच्याबरोबर खांदे खाली-वर करायचा, आणि आपले खांदे पहिल्यापासूनच सुरेख असल्याचं सांगायचा. घरीही येऊ लागला. आईने त्याच्या सगळ्या शर्टांची बटणं पक्की केली, नंतर तुटलेली नसतानाही. एकदा खळीच म्हणाली, "तुला विचारायचं नाही का?"

"काय?"

"माहीत आहे तुला काय."

"ऑपरेशनच्या आधी विचारलं तर तू माझ्यासाठी नको म्हणशील. मला तुझ्या स्वतःसाठीचं उत्तर हवंय. थांबतो."

पुढचं आधीच सांगून टाकायला हरकत नाही. तो हात पूर्ण बरा झाला नाही. करंगळीचं टोक अजून बधिर असतं, आणि दिवसदिवसभराच्या सभांना खळी परत कधी गेली नाही. छोटी कामं घेते, दवाखान्यांतली जास्त, आणि नव्या मुलींना शिकवते. पण हात वर जातो, आणि वर असताना गरम राहतो. एवढ्यासाठी ती रोज कुणाकुणाचे आभार मानते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. उजवा हात झोळीत बांधलेला, गळ्याच्या हाडावर पट्टी, घसा कोरडा. खळीने डोळे उघडले तेव्हा खिडकीतून ऊन येत होतं, आणि खाटेच्या दोन बाजूंना आई आणि कवळीवाला तिच्या अंगावरून भांडत होते.

"हिला उशी उंच हवी," आई म्हणत होती.

"बाईंनी सपाट सांगितलंय."

"तुला कधी सांगितलं? तुला ऐकू येत नाही."

"आपल्या दोघांनाही येत नाही. मी लिहून घेतलंय."

आईला ते पटलं नाही. मग दोघांचं सुपावरून लागलं, गरम द्यायचं की कोमट. मग कारखान्यातून त्याने किती दिवसांची रजा काढली, त्यावर आई रागावली. चार हात उन्हात भरभर चालले होते. तेवढ्यात नर्स आली आणि आईला काहीतरी विचारू लागली. खळीचा डावा हात सवयीने चादरीवरून उचलला गेला.

दोघांनीही एकाच वेळी तिच्याकडे वळून सांगितलं, "पडून राहा."

कवळीवाल्याने फोन पुढे केला, नर्सने त्यावर लिहिलं, आईने वाचलं, उत्तर टाइप केलं. कुठे काही अडलं नाही. खळी पडून बघत राहिली. तिच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं, की घरच्यांचं बोलणं चाललंय आणि तिला ते कुठून कुठे न्यायचं नाहीये. ती नुसती ऐकत होती. डोळ्यांनी.

नर्स गेली. कवळीवाला खुर्ची ओढून बसला. खळीने डाव्या हाताची बोटं चादरीवर हलवली, अगदी थोडी, कप नसतानाही कपांच्या उंचीवर.

आईच्या ते नजरेस पडलं. बहिऱ्यांच्या घरात चोरून ऐकायचं नसेल तर पाठ फिरवावी लागते. आई उठली आणि खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभी राहिली.

"काय म्हणालीस?" कवळीवाल्याने विचारलं. "नीट दिसलं नाही."

"दिसलंय तुला."

"उजेड डोळ्यांवर होता."

"मला हात कमी वापरायला सांगितलाय."

तेव्हा त्याने आपला तळहात तिच्या हाताखाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले. त्याच्या तळहातावर, एकेक बोट टेकवत, तिने ते पुन्हा सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही. जे त्याने एवढे महिने विचारलं नव्हतं, त्याचंही उत्तर तिने त्यातच देऊन टाकलं. त्याचे मिटलेले डोळे भरून आले. त्याने दोन्ही हातांची मूठ मिटली, तिचा हात आतच ठेवून.

खिडकीपाशी आईने पाठमोरीच राहून एक हात मागे केला आणि विचारलं, "वळू का आता?"

उत्तर द्यायला दोघांचेही हात मोकळे नव्हते. आणि दिलं असतं तरी तिकडे तोंड करून उभ्या असलेल्या आईला ते दिसणार नव्हतं. म्हणून ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली, बाहेरचं ऊन बघत.